जुना डिरेलर इंडेक्स शिफ्टरवर चालवणं

जुन्या रेसिंग सायकलचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, तसाच ठेवायचा आणि त्याला क्लिकवाला, म्हणजे इंडेक्स, शिफ्टर (गियर बदलायचा खटका) लावायचा, असा हा प्रकार. जुने शिफ्टर फ्रेमच्या खालच्या नळीवर असतात, गियर बदलायला हँडलवरचा हात काढावा लागतो, आणि ठाण्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये किंवा येऊरच्या चढावर ते नकोसं होतं, म्हणून लोक या वाटेला जातात.

जुन्या, क्लिक नसलेल्या फ्रिक्शन शिफ्टरमध्ये गियर कुठे बसला हे कान आणि अंगठा ठरवतात. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस ७४०० या रेसिंग गियरसेटसोबत एसआयएस हे क्लिकवालं तंत्र आणलं तेव्हा ते काम शिफ्टरकडे गेलं, एका क्लिकला केबल ठरावीकच ओढली जाणार. सगळी भानगड इथेच आहे. ८-स्पीड शिमानो शिफ्टर एका क्लिकला साधारण २.८ मिमी केबल ओढतो, शिमानोचा नेहमीचा डिरेलर त्याच्या १.७ पट सरकतो, म्हणजे ४.७६, आणि ८-स्पीड कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या) दोन चकत्यांमधलं अंतर ४.८ मिमी, म्हणून जमतं. आता जुना डिरेलर समजा १.५ पटच सरकत असेल तर क्लिकला ४.२ मिमी, ०.६ ची तूट, आणि सात क्लिकनंतर ती चार मिमीच्या वर जाते, म्हणजे जवळपास अख्खी एक चकती चुकली!

म्हणून आधी मोजा आणि मगच खरेदी करा, हे कळकळीने सांगावंसं वाटतं. केबल १० मिमी ओढायची आणि डिरेलरची वरची पुली (चेन जिच्यावरून जाते ते छोटं चाक) किती सरकली ते बघायचं, तेही दोन-तीन जागी, कारण जुन्या डिरेलरमध्ये हे प्रमाण सगळीकडे सारखं राहीलच असं नाही. थोडाच फरक असेल तर केबल ती आवळणाऱ्या बोल्टच्या दुसऱ्या बाजूने अडकवून बघा, पिव्होटच्या (डिरेलरचा हात ज्या पिनेवर फिरतो तिच्या) जवळ गेली की तेवढ्याच केबलला डिरेलर जास्त सरकतो. जास्त फरक असेल तर केबलच्या मधे बसवायची छोटी पुली मिळते, जेटेकची शिफ्टमेट त्यातलीच. ड्युरा-एस ७४०० इंडेक्सचाच असला तरी त्याचं प्रमाण वेगळं आहे, शिमानोच्या त्या काळच्या बाकी शिफ्टरशी त्याची जोडी जमत नाही.

हिशोब जुळला तरी जुने डिरेलर लगेच ऐकत नाहीत. सनटूरने १९६४ मध्ये तिरका पॅरेललोग्रॅम (डिरेलर सरकवणारी चौकट) काढला, त्यात पुली चकत्यांच्या जवळ राहते, पण कँपानोलोच्या नुओव्हो रेकॉर्डसारख्या सरळ रचनेत लहान चकत्यांवर पुली लांब पडते आणि चेन उशिरा चढते. शिवाय पिना ढिल्या झालेल्या असतात, हँगर (फ्रेमचा डिरेलर अडकवायचा तुकडा) वाकलेला असतो, तो आधी सरळ करून घ्यावा.

आपल्याकडे पावसाळा आणि खाडीची दमट हवा, आउटरमध्ये (केबलच्या बाहेरच्या नळीत) गंज धरला की इनर (आतली तार) अडकते. फ्रिक्शनला अंगठा ते सांभाळून घेतो, इंडेक्सला नाही, म्हणून इनर-आउटर दोन्ही नवीन, आणि आउटर गियरचंच घ्यायचं, ब्रेकचं दाबलं जातं. जुन्या फ्रेमची मागचं चाक बसतं तिथली रुंदी १२० किंवा १२६ मिमी असते, ८-स्पीडचं रोड हब (चाकाचा मधला भाग) १३० चं, तेही बघून घ्या. पुढच्या डिरेलरला मात्र फ्रिक्शनच ठेवा, दोन चकत्यांना क्लिकची गरजच पडत नाही.