मेज आर्मर आणि शील्ड: विझर्डने स्लॉट कशावर खर्च करावा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत नवा विझर्ड, म्हणजे मंत्र टाकणारं पात्र, बनवताना मेज आर्मर आणि शील्ड हे दोन मंत्र हमखास समोर येतात. असा मंत्र टाकला की एक स्लॉट, म्हणजे दिवसातल्या मोजक्या संधींपैकी एक, खर्च होतो. दोन्ही पहिल्या लेव्हलचे, दोन्ही अ‍ॅब्जुरेशन या संरक्षण-मंत्रांच्या शाखेचे आणि दोन्ही एसी (आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) वाढवणारे. त्यामुळे एक घेतला की दुसऱ्याची गरज नाही, असं अनेकांना वाटतं. पण मेज आर्मर एसीचा पायाच बदलतो, तर शील्ड त्या पायावर घटकाभर भर घालतो.

जुन्या खेळाडूंच्या मनातला घोळ आणखी वेगळा असतो. २००३ सालच्या साडेतीन (३.५) आवृत्तीत दोन्ही मंत्र +४ देत आणि दोन्ही आधीच टाकून ठेवायचे असत. फरक मुख्यतः टिकण्याचा, एक तासांत मोजायचा आणि दुसरा मिनिटांत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शील्ड रिअ‍ॅक्शन आहे, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीतही झटक्यात करायची प्रतिक्रिया. त्यामुळे ही जोडी नावापुरतीच जुनी आहे.

मेज आर्मर टाकायला एक अ‍ॅक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती) लागते, सोबत कमावलेल्या चामड्याचा तुकडा किंवा त्याऐवजी फोकस (काठीसारखं मंत्र टाकण्याचं साधन). ज्याला हात लावाल त्याच्या अंगावर चिलखत नसावं आणि त्याची संमती असावी. त्याचा एसी ८ तास १३ अधिक डेक्स्टेरिटी मॉडिफायर (चपळाईच्या गुणावरून मिळणारी भर) एवढा होतो. कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे मंत्र टिकवण्यासाठी लक्ष धरून ठेवणं, लागत नाही. इथली नेहमीची चूक म्हणजे आहे त्या एसीत ३ मिळवणं. चिलखत नसलेल्या विझर्डचा एसी १० अधिक डेक्स्टेरिटी असतो, म्हणून त्याच्यापुरता तो हिशेब जुळतो. पण मंक या लढवय्या वर्गाच्या अनआर्मर्ड डिफेन्सवर (चिलखताविना एसी काढण्याचं त्याचं स्वतःचं सूत्र) तो मुळीच जुळत नाही. एसी काढण्याची दोन सूत्रं एकत्र होत नाहीत, त्यातलं एकच धरायचं. मंकवर हा मंत्र बहुतेक वेळा वायाच जातो. रोग (Rogue) या चपळ वर्गाचं मात्र वेगळं आहे: डेक्स्टेरिटी १८, म्हणजे मॉडिफायर +४, असेल तर स्टडेड लेदर या हलक्या चिलखतात एसी १६ आणि ते उतरवून मेज आर्मर घेतला तर १७.

शील्ड फक्त स्वतःवर चालतो. तुम्हाला वार लागला, किंवा मॅजिक मिसाइल या मंत्राचा नेम तुमच्यावर धरला गेला, की त्या क्षणी रिअ‍ॅक्शन म्हणून टाकायचा. तुमची पुढची पाळी सुरू होईपर्यंत एसीला +५ मिळतात, आणि लागलेल्या त्या वारालाही ते लागू होतात. मॅजिक मिसाइल तर पूर्ण थोपवली जाते.

आता आकडे. डेक्स्टेरिटी १४ (मॉडिफायर +२) असलेला पहिल्या लेव्हलचा विझर्ड घ्या. चिलखताविना एसी १२, कॉन्स्टिट्यूशन १४ असेल तर हिट पॉइंट (इजा सोसण्याची क्षमता) ८. गॉब्लिन +४ ने वार करतो (वीस बाजूंच्या फाशावरच्या आकड्यात ४ मिळवतो) आणि सरासरी ५ इजा करतो, म्हणजे दोन वारांत खेळ आटोपला. एसी १२ ला त्याला फाशावर ८ किंवा जास्त हवेत: १०० पैकी ६५ वार लागतील. मेज आर्मरने एसी १५ झाला की ५० लागतील. नुसत्या शील्डने एसी १७, तेव्हा ४०. दोन्ही असतील तर एसी २० आणि १०० पैकी २५.

यातून स्लॉटची किंमत काढता येते. मेज आर्मर विसांपैकी तीन निकाल बदलतो, म्हणजे तुमच्यावर झालेल्या साधारण सात वारांमागे एक वार चुकवतो. समोर गॉब्लिन असो की ओगर, हे प्रमाण फारसं हलत नाही. म्हणून पुढच्या ८ तासांत स्वतःवर सातेक वार होतील असं वाटत असेल, तर पहिला स्लॉट मेज आर्मरवर घालणं रास्त आहे. गावात चौकशी करत फिरायचं आहे आणि फार तर एखादी चकमक होईल, तर दोन्ही स्लॉट शील्डसाठी राखावेत. पहिल्या लेव्हलला स्लॉट दोनच असतात, हे विसरून चालत नाही. अर्केन रिकव्हरी या विझर्डच्या क्षमतेने शॉर्ट रेस्टनंतर (छोट्या विश्रांतीनंतर) एक परत मिळतो, पण दिवसातून एकदाच.

शील्डची खरी ताकद डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) सवयीवर ठरते. डीएम वाराचा आकडा मोठ्याने सांगत असेल, तर +५ पुरतील की नाही ते आधीच कळतं आणि स्लॉट वाया जात नाही. आकडा झाकला असेल तर पैज लावावी लागते. एसी १२ असताना गॉब्लिनचा वार लागतो असे १३ आकडे आहेत, त्यांतले ५ शील्ड परतवतो. एसी १५ असताना लागणारे आकडे १०, आणि परतणारे ५ च. म्हणजे मेज आर्मर आधी असला की शील्डची पैज ३८ टक्क्यांवरून ५० वर जाते. दोन्ही मंत्र एकमेकांना असे धरून आहेत, आणि एकच घ्यावा असं म्हणणाऱ्यांच्या हिशेबातून नेमकं हेच सुटतं. पहिल्या लेव्हलच्या स्पेलबुकात सुरुवातीला सहा मंत्र असतात. दोन्ही लिहून घ्यावेत. डीएम वाराचा आकडा सांगतो की झाकतो, ते पहिल्याच सत्रात विचारून घ्यावं.

फाशावर नैसर्गिक २० पडले की कितीही एसी असला तरी वार लागतो. तिथे शील्डवर स्लॉट घालवू नये. फायरबॉल किंवा ड्रॅगनचा फुत्कार यांना सेव्हिंग थ्रो (एसीऐवजी स्वतः फासा टाकून बचाव) लागतो, त्यावर दोन्ही मंत्र निरुपयोगी. पुढे शत्रूंचा नेम सुधारतो. प्रौढ रेड ड्रॅगन +१४ ने वार करतो, त्याच्यापुढे एसी १५ आणि काही नसणं सारखंच. शील्ड टाकला तरी फाशावरचे २ ते ५ एवढेच चार आकडे चुकतात. तिथे लांब राहणं हाच बचाव.

रिअ‍ॅक्शन फेरीत एकच मिळते. शील्ड टाकला की त्या फेरीत काउंटरस्पेल (शत्रूचा मंत्र रोखणारा) नाही, अ‍ॅब्सॉर्ब एलिमेंट्स (आग-थंडीची इजा कमी करणारा) नाही. समोर दुसरा मंत्र टाकणारा उभा असेल, तर साध्या वारावर शील्ड उधळण्याआधी हा विचार करावा. उलट चार गॉब्लिनांनी घेरलं असेल, तर फेरीतल्या पहिल्या लागणाऱ्या वारालाच शील्ड टाकावा. उरलेल्या सगळ्या वारांना तोच +५ पुरतो.

हातांचा प्रश्न फारसा कोणी बघत नाही. शील्डला शब्द आणि हातवारे लागतात, सामग्री नाही. फोकस धरलेल्या हाताने हातवारे करायची सवलत फक्त सामग्री लागणाऱ्या मंत्रांना आहे. म्हणून एका हातात काठी आणि दुसऱ्यात मशाल असेल, तर मेज आर्मर टाकता येतो, शील्ड नाही. अंधाऱ्या गुहेत मशाल दुसऱ्या कोणाकडे द्यावी.

२०२४ च्या सुधारित नियमांत एका पाळीत एकच स्लॉट खर्चता येतो. आपल्या पाळीत फायरबॉल टाकून शत्रूजवळून पळताना अपॉर्च्युनिटी अटॅक (दूर जाणाऱ्यावरचा वार) झाला, तर त्यावर स्लॉट वापरून शील्ड टाकता येणार नाही. २०१४ च्या नियमांत येत असे. तसंच १८ व्या लेव्हलच्या स्पेल मास्टरीला (निवडलेला मंत्र स्लॉटविना टाकण्याची क्षमता) आता अ‍ॅक्शनने टाकायचाच मंत्र निवडावा लागतो. म्हणजे शील्ड बाद, मेज आर्मर चालतो.

दिवसअखेर पहिल्या लेव्हलचा एखादा स्लॉट उरला असेल, तर झोपण्याआधी मेज आर्मर टाकून घ्यावा. लाँग रेस्ट ८ तासांची आणि मंत्रही तेवढाच टिकतो. सकाळी स्लॉट परत येणारच असतात, आणि मध्यरात्री तळावर हल्ला झाला तर एसी १२ वर जाग येत नाही.