बसचे ८०० आणि रॅमचे ८००: आकडा एक, ठेके दोन

प्रोसेसरवर ‘एफएसबी ८००’ आणि रॅमच्या स्टिकवर ‘डीडीआर२-८००’ असं दिसलं की जोडी जमली, असं बहुतेकांना वाटतं. एफएसबी म्हणजे प्रोसेसर आणि चिपसेट (रॅमशी व्यवहार सांभाळणाऱ्या बोर्डावरच्या चिप) यांच्यामधली बस, डेटाची वाट. जुन्या संगणकाची रॅम वाढवताना मीही याच समजुतीवर पैसे घातले होते. ‘बस ८०० आहे, मग ६६७ची रॅम काढून ८००ची घाला,’ असं दुकानात सांगितलं आणि मी घातली. संगणक काडीचाही वेगवान झाला नाही. पुढे कळलं की बोर्डाच्या चिपसेटची मर्यादाच ६६७ होती. नवी स्टिक निमूटपणे ६६७वर चालत होती.

पण चिपसेटने ८०० चालवून दिली असती तरी मोठा फरक पडला नसता. त्याचं कारण या दोन आकड्यांत आहे.

दोन्ही आकडे ठेक्याचे, म्हणजे क्लॉकच्या टिकटिकीचे, नाहीत. एका सेकंदात किती दशलक्ष वेळा डेटा सरकतो, ते हे आकडे सांगतात. इंटेलच्या पेंटियम ४पासून कोअर २पर्यंतच्या प्रोसेसरांमध्ये एफएसबी एका ठेक्यात चार वेळा डेटा टाकते. म्हणून ‘८००’ बसचा खरा ठेका २०० मेगाहर्ट्‌झ. कोअर २ ड्युओ ई४५०० पाहा: २०० गुणिले ११, म्हणजे त्याचे २.२ गिगाहर्ट्‌झ. डीडीआर रॅम मात्र एका ठेक्यात दोनच वेळा डेटा देते, त्यामुळे डीडीआर२-८००चा ठेका ४०० मेगाहर्ट्‌झ. आकडा तोच, ठेका दुप्पट.

मग जुळवायचं काय, ठेका की डेटाचा ओघ?

ओघाचं गणित सोपं आहे. बस ६४ बिट रुंद, रॅमचा एक चॅनलही ६४ बिट, म्हणजे दोन्हीकडे एका वेळी ८ बाइट जातात. ८०० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला ६४०० एमबी. (डीडीआर२-८००च्या स्टिकवर ‘पीसी२-६४००’ असंही छापलेलं असतं, ते याचमुळे.) म्हणजे स्टिक एकच असेल तर ‘बस ८०० तर रॅम ८००’ हा दुकानातला नियम ओघापुरता अगदी बरोबर आहे. ठेका मात्र तेव्हा १:२ असतो.

एकसारख्या दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या वाटांवर, लावल्या की हिशेब बदलतो, आणि मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथेच वाटते. बस एका वाटेवर ठेक्यामागे चार पावलं टाकते, रॅम दोन वाटांवर दोन-दोन. बेरीज दोन्हीकडे चारच. त्यामुळे ठेका १:१ ठेवला तर ओघही आपोआप तंतोतंत जुळतो. ८००च्या बसला डीडीआर२-४००च्या दोन स्टिक पुरतात, १०६६ला ५३३च्या, १३३३ला ६६७च्या. पेंटियम ४च्या काळात ८००ची बस आणि डीडीआर-४००च्या दोन स्टिक ही जोडी नावाजलेली होती, ती याच हिशेबामुळे.

याहून वेगवान रॅम वाया जाते असं नाही. बोर्डावरचं ग्राफिक्स रॅममधून थेट डेटा घेतं, बसमधून नाही. त्याला जास्तीचा ओघ उपयोगी पडतो. प्रोसेसरला मात्र बसच्या तोंडातून मावेल तेवढंच मिळतं. म्हणून जुन्या संगणकात एकच स्टिक असेल, तर ती बदलून जास्त आकड्याची घेण्यापेक्षा तशीच दुसरी शोधून ड्युअल चॅनलच्या स्लॉटमध्ये लावा.

आता एफएसबी राहिलेली नाही. एएमडीने २००३मध्ये अ‍ॅथलॉन ६४मध्ये आणि इंटेलने २००८मध्ये कोअर आय७मध्ये मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, प्रोसेसरच्या आतच नेला. तरीही ठेका जुळवण्याचा प्रश्न संपला नाही, तो एएमडीच्या रायझेन प्रोसेसरांमध्ये पुन्हा उभा राहिला. रायझेन ३००० आणि ५०००च्या डेस्कटॉप प्रोसेसरांत इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारी वाट), मेमरी कंट्रोलर आणि रॅम हे तिन्ही एका ठेक्यावर चालले तर उत्तम: डीडीआर४-३२००ला १६००, ३६००ला १८००. ४०००ची महागडी रॅम लावली, तर बहुतेकदा कंट्रोलर अर्ध्या ठेक्यावर उतरतो आणि डेटा हाती यायला उलट उशीर होतो. या प्रोसेसरांसाठी मी ३६००च्या पुढे पैसे घालणार नाही.

आणि सीपीयू-झेड या संगणकाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ३२००च्या रॅमपुढे १६०० दिसले तर घाबरून दुकान गाठू नका. तो ठेका आहे, त्याची दुप्पट करा. १०६६ किंवा १२००च्या आसपास दिसलं तर मात्र बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर नेणारी सेटिंग) चालू करा; रॅम अजून आपल्या मूळ, सावकाश सेटिंगवरच चालते आहे.