मुलाखतीला जाताय? आधी फाइल बघू

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी हमखास गर्दी होते. “काका, पटकन एक बायोडाटा काढून द्या ना!” नाही म्हणवत नाही, पण घाईत काढलेला बायोडाटा दुसऱ्या दिवशी तुमच्याच अंगावर येतो. शक्यतो दोन-तीन दिवस आधी या, आणि येण्यापूर्वी हे वाचा.

सगळ्यात जास्त अडतं ते नावापाशी. आपल्या घरांत नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. इथल्या अंकसूचीवर, म्हणजे मार्कशीटवर, मात्र वडिलांचं नाव बहुधा वेगळ्या ओळीत असतं. त्यामुळे आधारवर तीन शब्द, अंकसूचीवर दोन, पॅनवर आणखी तिसरंच काही. मुलाखत घेणाऱ्याचं याकडे लक्ष जाईलच असं नाही, पण निवड झाल्यावर कागद तपासणारे अक्षर न् अक्षर बघतात आणि रुजू व्हायची तारीख लांबते. बायोडाट्यावर दहावीच्या अंकसूचीप्रमाणेच नाव लिहा. जन्मतारखेलाही बहुतेक ठिकाणी तोच कागद धरतात. लग्नानंतर फक्त आडनाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्राची प्रत फाइलीत ठेवा. सासरी पहिलं नावही बदललं असेल, तर नोकरीच्या कागदांवर सरळ माहेरचंच नाव चालू ठेवा. नवंच नाव लावायचं तर शपथपत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, राजपत्र एवढं सगळं करावं लागतं, आणि ते आठवड्याभरात उरकत नाही.

टक्केवारीचंही तसंच. सीजीपीएला, म्हणजे टक्क्यांऐवजी मिळणाऱ्या ग्रेडच्या सरासरीला, 9.5 ने गुणायचं हे सीबीएसईच्या दहावीचं जुनं सूत्र. ते पदवीला लावू नका. तुमच्या विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र असेल ते वापरा, नाहीतर सीजीपीए आहे तसाच लिहा.

आता मजकूर. आम्हाला अनेकदा सांगतात, “मागच्या मुलाचा होता तसाच करा, फक्त नाव बदला.” करून देऊ, हात आमचे चालतात. पण त्यात ‘अ‍ॅडव्हान्स एक्सेल’ लिहिलेलं असेल आणि समोरच्याने “व्हीलुकअप कुठे वापरलं?” एवढंच विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यायचंय. प्रत्येक ओळीखाली घडलेली एक गोष्ट तोंडाने सांगता यायला हवी: काय काम होतं, तुम्ही त्यातलं काय केलंत, शेवटी काय झालं. जी ओळ सांगता येत नाही ती खोडा. एका पानाचा बायोडाटा नवख्याला भरपूर होतो. मध्ये वर्षभर घरी होतात तर तारखा ओढूनताणून जुळवू नका, कारण एका वाक्यात सांगा. “स्वतःबद्दल सांगा” याचं उत्तर घरी मोठ्याने बोलून बघा, आणि ज्या भाषेत मुलाखत आहे त्याच भाषेत. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि मुलाखत इंग्रजीत, अशी आपल्याकडच्या मुलांची गत असते. पहिलं वाक्य तिथेच अडखळतं.

मूळ अंकसूची आणि पदवी लॅमिनेट करू नका. लॅमिनेशनचे पैसे आम्हालाच मिळतात, तरी सांगतोय. पुढे परदेशासाठी वगैरे मूळ कागदावर शिक्का मारून घ्यावा लागला तर लॅमिनेट केलेला कागद परत पाठवतात. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. झेरॉक्सचे दोन संच घ्या, प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही करा. आधारची प्रत मागितल्याशिवाय देऊ नका.

सुपर कॉरिडॉरच्या आयटी कंपनीत जायचं असो की पीथमपूरच्या कारखान्यात, पत्ता आदल्या दिवशी नीट विचारून घ्या. पीथमपुरात नुसतं कंपनीचं नाव पुरत नाही. सेक्टर आणि कोणतं युनिट तेही विचारा.

पगाराचं बोलणं निघालं तर सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, आणि हातात येणारी रक्कम यांत गल्लत करू नका. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि बरेचदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. शिवाय तुमच्या वाट्याचा पीएफ, म्हणजे साधारणपणे मूळ वेतनाच्या 12 टक्के, पगारातून कापला जातो. आणि मुलाखतीसाठी ‘रजिस्ट्रेशन फी’ किंवा ‘युनिफॉर्मचं डिपॉझिट’ मागणारा फोन आला तर तो सरळ ठेवून द्या.

दुकानात येताना मूळ कागद, आधीचा बायोडाटा असल्यास तो, आणि नोकरीची जाहिरात आणा. जाहिरात बघितल्याशिवाय कुठली ओळ वर घ्यायची ते कळत नाही. टाइप झालेलं काउंटरवर बसून एकदा वाचा, मोबाइल नंबर तर आकडा आकडा करून. काम झालं की तुमची फाइल आम्ही आमच्या कॉम्प्युटरवरून काढून टाकतो, म्हणून निघण्याआधी पीडीएफ स्वतःच्या मेलवर पाठवून घ्या.