मार्त्ये पाउमेन : 195 गोलांची पार्श्वभूमी

नेदरलँड्सच्या महिला हॉकी संघाकडून मार्त्ये पाउमेन 235 आंतरराष्ट्रीय सामने खेळली आणि तिने 195 गोल केले. ती आघाडीची खेळाडू नव्हती. बचावात किंवा मधल्या फळीत खेळायची. तिथून इतके गोल होतात ते मुख्यतः एकाच वाटेने, पेनल्टी कॉर्नरच्या, म्हणजे बचावाच्या चुकीबद्दल आक्रमणाला मिळणाऱ्या ठरावीक संधीच्या. त्यामुळे तिची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी पेनल्टी कॉर्नरकडे पाहायला हवे.

डच हॉकीत कॉर्नर मारणाऱ्या खेळाडूंची परंपरा तिच्या जन्माच्याही आधीची. पॉल लिट्येन्सने 177 सामन्यांत 267 गोल केले आणि त्याचा विश्वविक्रम 2004 पर्यंत टिकला. तो मोडला पाकिस्तानच्या सोहेल अब्बासने, तोही कॉर्नरचाच बादशहा. लिट्येन्सच्या वेळचा थोर साथीदार टीस क्रौझे. 1973 च्या विश्वचषकात आम्स्टेलवेनला भारताला अंतिम सामन्यात पेनल्टी स्ट्रोकवर हार पत्करावी लागली, तेव्हा तो डच संघात होता. पुढे फ्लोरिस यान बोव्हेलांडर आला. 1990 मध्ये लाहोरला पाकिस्तानला त्यांच्याच मैदानावर हरवून विश्वचषक जिंकणाऱ्या आणि 1996 मध्ये अटलांटाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवणाऱ्या संघांचा तो कॉर्नर मारणारा. या पिढ्यांचे मुख्य हत्यार होते सरळ, जोरदार फटका.

पण फटक्याला नियमाची वेसण आहे. कॉर्नरवरचा पहिला प्रयत्न फटक्याचा असेल तर चेंडू गोलरेषा ओलांडताना 460 मिलिमीटरपेक्षा वर असून चालत नाही. गोलच्या आतली फळी तेवढीच उंच असते. धोका जमिनीलगतच असल्यामुळे गोलरक्षक सरळ आडवे पडून वाट अडवत. गोल 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच, पण फटका मारणाऱ्याला त्यातली खालची पट्टी तेवढीच वापरता यायची. फ्लिकला, म्हणजे फटका न मारता चेंडू स्टिकने उचलून टाकण्याला, मात्र ही उंचीची अट नाही. चेंडू धोकादायक ठरत नसेल तर तो थेट वरच्या कोपऱ्यात टाकता येतो. म्हणून स्टिकच्या दांड्यालगत चेंडू ओढत आणून शेवटी झटक्याने सोडण्याची युक्ती, म्हणजे ड्रॅगफ्लिक, रुजली आणि आडवे पडणारे गोलरक्षक उघडे पडले. कृत्रिम मैदान नसते तर हे झाले नसते. गवतावर उसळणारा चेंडू असा ओढता येत नाही.

पुरुषांच्या खेळात हे तंत्र आधी पसरले. पाउमेनने 2004 मध्ये पदार्पण केले तेव्हा महिलांमध्ये ते भरवशाने करणाऱ्या मोजक्याच होत्या.

कॉर्नर कसा घडतो ते नीट पाहिले की हे गोल एकट्या मनगटाचे नसतात हे कळते. चेंडू मागच्या रेषेवर, जवळच्या गोलखांबापासून किमान 10 मीटरवर ठेवतात. तिथून एक खेळाडू तो डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाकार क्षेत्राच्या, टोकाकडे ढकलते. दुसरी तो थांबवते, तिसरी मारते. ढकलणारी सोडून बाकीच्या आक्रमक डीबाहेर थांबतात. गोलरक्षक धरून बचावाला पाचच जणी, त्याही मागच्या रेषेपलीकडे. उरलेल्या मध्यरेषेच्या पलीकडे. चेंडू डीबाहेर गेल्याशिवाय गोलवर मारता येत नाही. डीची रेषा गोलपासून 14.63 मीटरवर. फ्लिक ताशी 90 किलोमीटरने निघाली तर सेकंदाला 25 मीटर, म्हणजे गोलरक्षकाला मिळतो साधारण अर्धा सेकंद. तेवढ्या वेळात बचावातली धावणारी पहिली खेळाडू अंगावर आलेली असते.

या साखळीत पहिली चूक ढकलण्यात होते. चेंडू किंचित उसळत आला किंवा हातभर बाजूला गेला, की थांबवणारीला स्टिक हलवावी लागते आणि मारणारीची पावले चुकतात. दुसरी चूक थांबवण्यात. चेंडू नेमका ठरल्या जागी थांबवावा लागतो. तो स्टिकला लागून दोन-चार इंच मागे उडाला तर त्याला दांड्याची पकड मिळत नाही. फटक्याला असा चेंडू काहीसा चालून जातो, ड्रॅगला चालत नाही.

मग मारणारीचे काम. धावत येताना शेवटचा लांब टप्पा डाव्या पायाचा. तो चेंडूच्या पुढे, गोलला आडवा पडतो. चेंडू मागच्या उजव्या पायाजवळ राहतो. कंबर खाली, गुडघे वाकलेले. चेंडू दांड्याच्या खालच्या भागात अडकवून तो जवळजवळ दोन मीटर ओढत आणायचा. आधी कमर फिरते, मग खांदे, हात सर्वांत शेवटी. हात आधी फिरले तर वेग मरतो, आणि नवशिक्यांकडून हेच सर्वाधिक होते. डावा पाय फार पुढे पडला तर चेंडू ओढला जाण्याआधीच सुटतो. स्टिकचे तोंड लवकर उघडले तर चेंडू दांड्यावरून घरंगळतो किंवा गोलच्या वरून जातो. स्टिकला बाक असला की पकड सोपी होते. म्हणूनच नियमाने तो 25 मिलिमीटरवर बांधून ठेवला आहे. शरीराला पडणारा पीळ जबर असतो, त्यामुळे कंबर आणि मांडीची दुखणी ड्रॅगफ्लिकर्सच्या मागे लागलेलीच असतात. सरावात फ्लिक मोजून मारावी लागते ती यासाठी.

पाउमेनची खरी ताकद मला जोरापेक्षा निवडीत दिसते. धावणारी समोरच्या कोनात आली तर गोलरक्षकाच्या डाव्या बाजूला, ती रेषा सोडून आली तर दुसरीकडे. आणि कधी फ्लिक न करता सहकाऱ्याच्या स्टिकवर चेंडू सोडून दिशा बदलून घेणे. सगळी तयारी तीच राहते, बदल शेवटच्या क्षणी होतो. बचावाने एका जागी पैज लावली की दुसरी जागा रिकामी होते.

खेलेन हे तिचे जन्मगाव, जन्म 19 सप्टेंबर 1985. क्लब हॉकी ती मुख्यतः डेन बॉशकडून खेळली. 2006 च्या माद्रिद विश्वचषकात ऑस्ट्रेलियाला 3-1 हरवून जिंकलेल्या संघात ती होती. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने 11 गोल केले. अंतिम सामन्यात चीनवरच्या 2-0 विजयात तिचा एकही गोल नव्हता, तरी संघ तिथवर पोहोचला तो बऱ्याच अंशी तिच्या कॉर्नरवर. 2010 मध्ये रोसारिओच्या विश्वचषकात यजमान अर्जेंटिनाने अंतिम सामना 3-1 ने घेतला. 2012 मध्ये लंडन ऑलिंपिकला ती कर्णधार होती. उपांत्य फेरीत न्यूझीलंडविरुद्ध 2-2 नंतर शूटआउटवर, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठी गोलरक्षकाशी होणाऱ्या एकास-एक लढतींवर, सुटका झाली आणि अंतिम सामन्यात अर्जेंटिनावर 2-0 मात. त्यातला एक गोल तिचा. 2011 आणि 2012 अशी सलग दोन वर्षे ती जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. 2014 मध्ये हेगमध्ये, घरच्या प्रेक्षकांपुढे, ऑस्ट्रेलियाला 2-0 हरवून तिने विश्वचषकही उचलला.

रिओत 2016 च्या ऑलिंपिकचा अंतिम सामना ग्रेट ब्रिटनशी 3-3 राहिला. तिने एक गोल केला. शूटआउटमध्ये ब्रिटनची गोलरक्षक मॅडी हिंचने एकही डच गोल होऊ दिला नाही. तिथेच पाउमेनची आंतरराष्ट्रीय कारकीर्द थांबली.

तिच्या काळात थोडा वेळ डच संघाचे प्रशिक्षक असलेले श्योर्ड मरिन्ये पुढे भारतीय महिला संघाकडे आले. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2 ऑगस्ट 2021 रोजी उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाला 1-0 ने घरी पाठवणारा गोल त्यांच्या संघातल्या गुरजित कौरने पेनल्टी कॉर्नरवर केला.

नेदरलँड्समध्ये आज पाउमेनची कॉर्नर मारण्याची जागा यिब्बी यान्सनकडे आहे. तिचे वडील रोनाल्ड यान्सन 1996 आणि 2000 च्या ऑलिंपिक सुवर्ण विजेत्या संघांचे गोलरक्षक. घरातला एक जण कॉर्नर अडवणारा, दुसरी मारणारी. पॅरिसमध्ये 2024 च्या अंतिम सामन्यात चीन 1-0 ने पुढे होता. शेवटच्या पंधरा मिनिटांत तिने कॉर्नरवर बरोबरी साधली, आणि नंतर शूटआउट 3-1 ने जिंकून नेदरलँड्सने सुवर्ण घेतले.