अमेरिकेतल्या कॉलेजची गणिताची प्लेसमेंट टेस्ट: कोणाला द्यावी लागते, काय लागतं, गुणांचं पुढे काय होतं

बॅचलर्सचा प्रवेश पक्का झाला, डिपॉझिट भरलं, व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा ‘आय-२०’ कागद आला, व्हिसाच्या मुलाखतीची तारीखही मिळाली, की घरात सगळ्यांना वाटतं आता परीक्षांचं प्रकरण संपलं. तेवढ्यात विद्यापीठाच्या ईमेलवर निरोप येतो: ओरिएंटेशनच्या आधी गणिताची प्लेसमेंट टेस्ट पूर्ण करा. बरीच मुलं हा ईमेल नंतर बघू म्हणून ठेवून देतात. मग कोर्स रजिस्ट्रेशनच्या दिवशी विद्यापीठाच्या पोर्टलवर ‘होल्ड’ (म्हणजे नोंदणी अडवलेली) दिसतो आणि गणितच नाही, तर गणितावर अवलंबून असलेले फिजिक्स-केमिस्ट्रीचे वर्गही भरून जातात.

ही प्रवेशपरीक्षा नव्हे. तिच्यात कोणी नापास होत नाही आणि कमी गुण पडले म्हणून प्रवेशही रद्द होत नाही. पहिल्या सेमिस्टरला गणिताच्या कोणत्या कोर्सात बसायचं, इतकंच ती ठरवते. पण या ‘इतकंच’मध्ये पैसा आणि वेळ दोन्ही आहेत. कॉलेज अल्जिब्रा, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस १, कॅल्क्युलस २ अशी ती साखळी असते आणि आधीचा कोर्स झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही. इंजिनिअरिंगचा चार वर्षांचा आराखडा साधारणपणे पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलस १ धरून आखलेला असतो. तुम्ही प्रीकॅल्क्युलसला लागलात तर कॅल्क्युलस पुढे सरकतं, त्याच्यामागे फिजिक्स आणि त्याच्यामागे इंजिनिअरिंगचे मुख्य विषय. मग तो खड्डा भरायला उन्हाळ्यात जादा कोर्स घ्यायचा, त्याची फी वेगळी. त्याहून खालच्या, ‘डेव्हलपमेंटल’ म्हणवल्या जाणाऱ्या कोर्सांची फी तर भरावीच लागते, पण त्यांचे क्रेडिट्स, म्हणजे पदवीसाठी जमवायचे अभ्यासाचे एकक, बहुतेक ठिकाणी पदवीत धरले जात नाहीत.

कोणाला द्यावी लागते

तुमच्या मेजरला, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला, गणित लागत असेल आणि तुमची गणिताची पातळी दाखवणारा, विद्यापीठाला मान्य असलेला दुसरा पुरावा नसेल, तर टेस्ट द्यावी लागते. पुरावा म्हणून साधारणपणे चालतं ते असं: एसएटी किंवा एसीटी या अमेरिकन प्रवेशपरीक्षांच्या गणितात ठरावीक गुण, एपी (शाळेत असतानाच द्यायची कॉलेज पातळीची परीक्षा) कॅल्क्युलस एबी किंवा बीसीचा स्कोअर, आयबी हायर लेव्हल किंवा ए लेव्हल या आंतरराष्ट्रीय शालेय परीक्षांतलं गणित, किंवा दुसऱ्या कॉलेजात पूर्ण केलेला गणिताचा कोर्स. किती गुणांना सूट हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. त्यामुळे एका विद्यापीठात सूट मिळालेल्या मित्राचा दाखला दुसऱ्या विद्यापीठात कामाचा नाही. एक बारकावा मात्र ध्यानात असू द्या. सूट दोन प्रकारची असते. एकीत फक्त टेस्ट टळते, दुसरीत त्या कोर्सचे क्रेडिट्सही मिळतात. चांगल्या एसएटीमुळे टेस्ट टळू शकते, पण कॅल्क्युलसचे क्रेडिट्स मिळत नाहीत. ते एपीसारख्या परीक्षेतून मिळतात.

आपल्या बारावीचं काय? डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, मॅट्रिसेस सगळं झालेलं असतं. जेईई किंवा सीईटीची तयारी केलेल्याला तर अमेरिकन कॅल्क्युलस १ ओळखीचं वाटतं. तरीही बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आपोआप सूट मिळेल असं धरून चालू नका. काही विद्यापीठं बारावीच्या गुणांना वजन देतात, बरीचशी ‘टेस्ट द्या’ एवढंच म्हणतात. विचारायला हरकत नाही, पण आधी ॲडव्हायझरला (कोर्स निवडायला मदत करणाऱ्या विद्यापीठाच्या सल्लागाराला) विचारा आणि उत्तर लेखी घ्या. काही गणित विभाग स्वतःची क्रेडिट परीक्षा घेतात. ती पार केली तर कॅल्क्युलस १ करावाच लागत नाही. बारावीला गणित पक्कं असलेल्या मुलांनी याची चौकशी जरूर करावी, कारण ही सोय कोणी आपणहून सांगत नाही.

खरी अडचण होते ती अकरावीला गणित सोडलेल्यांची. कॉमर्सला गणित न घेतलेली किंवा बायोलॉजी घेऊन गणिताला रामराम ठोकलेली मुलं बिझनेस, सायकॉलॉजी, नर्सिंगला जातात आणि तिथे त्यांच्यापुढे ॲलजिब्रा नाहीतर स्टॅटिस्टिक्स उभं राहतं. दोन-तीन वर्षं हात न लागलेला अपूर्णांक ऐनवेळी आठवत नाही. अशांनी दहावीचं बीजगणिताचं पुस्तक काढून त्यापासूनच सुरुवात करावी. त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक वर्ग आहे, ज्याचा विचार फारसा होत नाही. एच-४ व्हिसावर (एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) गेलेल्या, इथली बी.कॉम. किंवा बी.ए. असलेल्या आणि तिकडे कम्युनिटी कॉलेजात (साधारण दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या स्थानिक कॉलेजात) नव्याने काही शिकू पाहणाऱ्या अनेक मराठी बायका. एच-४ वर शिकता येतं. पदवीच्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून दिलं तर काही कॉलेजं टेस्ट माफ करतात. नाहीतर टेस्ट द्यायची, आणि तीही वयाच्या पस्तिशीत. घाबरण्याचं कारण नाही, कम्युनिटी कॉलेजात या वयाचे विद्यार्थी भरपूर असतात.

परीक्षा एकच नाही

देशभर चालणारी एक सामायिक परीक्षा असं अमेरिकेत काही नाही. एसीटी संस्थेची ‘कंपास’ पूर्वी खूप चालायची, ती २०१६ मध्ये बंद झाली. जुन्या सल्ल्यांत तिचं नाव आलं तर ते पान तिथेच मिटा.

विद्यापीठांत सर्वांत जास्त दिसते ती मॅकग्रॉ हिलची ‘अलेक्स’. जास्तीत जास्त ३० प्रश्न, साधारण दीड तास. प्रत्येक उत्तरानंतर पुढचा प्रश्न बदलतो, म्हणून शेजारी बसलेल्याची परीक्षा वेगळी असते. गुण ० ते १०० मध्ये येतात, पण ते आपल्याकडच्या टक्क्यांसारखे वाचू नका. अभ्यासक्रमातला किती भाग तुम्हाला येतो, याचा तो अंदाज असतो. पूर्णांक-अपूर्णांकांपासून लॉगरिदम आणि ट्रिगोनॉमेट्रीपर्यंत, म्हणजे प्रीकॅल्क्युलसपर्यंतच तिची धाव. कॅल्क्युलस त्यात नाही. बारावीची मुलं इथेच फसतात: इंटिग्रेशनची उजळणी करून बसतात आणि प्रश्न येतात वर्गमुळांचे, असमानतांचे, फंक्शनच्या डोमेनचे.

कम्युनिटी कॉलेजांत एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची ‘ॲक्युप्लेसर’ असते. गणिताचे तीन वेगळे पेपर, प्रत्येकी २० प्रश्न: अंकगणित, मग बीजगणित-सांख्यिकीचा मधला, आणि वरच्या पातळीचा बीजगणित व फंक्शन्सचा. कोणता द्यायचा हे कॉलेज सांगतं. गुण २०० ते ३००. वेळेची मर्यादा नाही, पण प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही आणि मागे येऊन उत्तर बदलताही येत नाही. ‘सोपे आधी, अवघड शेवटी’ ही बोर्डाच्या परीक्षेतली सवय इथे उपयोगाची नाही.

टेक्सासमधल्या सरकारी कॉलेजांचा कारभार वेगळा. तिथे राज्याच्या नियमानुसार ‘टीएसआय’ची, म्हणजे कॉलेजच्या अभ्यासाची तयारी असल्याचं दाखवण्याची, अट आहे आणि तिच्यासाठीची सध्याची परीक्षा जानेवारी २०२१ पासून लागू आहे. गणितात ९५० गुण मिळाले की तुम्ही कॉलेजच्या गणिताला तयार समजले जाता. त्याहून कमी पडले तर लगेच सविस्तर निदान चाचणी पुढे येते आणि तिच्यात वरची पातळी गाठली तरीही काम होतं. परीक्षेआधी एक माहितीचा उपक्रम पूर्ण करणं सक्तीचं आहे. तो केला नसेल तर टेस्टिंग सेंटरमधून परत पाठवतात.

याउलट कॅलिफोर्निया. २०१७ च्या ‘एबी ७०५’ कायद्यानंतर तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत अशा चाचण्यांऐवजी शाळेतले विषय आणि ग्रेड बघून थेट कॉलेज पातळीच्या कोर्सात बसवलं जातं. एका परीक्षेवरून हजारो मुलं खालच्या कोर्सांत अडकत होती आणि त्यातली बरीचशी पदवीपर्यंत पोचत नव्हती, हे त्यामागचं कारण. फ्लोरिडाने २०१३ मध्येच त्यांच्या सरकारी शाळांतून आलेल्या बहुतेक मुलांना यातून मोकळं केलं होतं. पण शाळेतल्या ग्रेडवर किती विसंबायचं, हा वादही संपलेला नाही. कॅलिफोर्नियातलंच यूसी सॅन डिएगो विद्यापीठ अजून स्वतःची प्लेसमेंट परीक्षा घेतं. नोव्हेंबर २०२५ मधल्या तिथल्या अहवालानुसार हायस्कूलच्या पातळीच्याही खाली गणित असलेल्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या पाच वर्षांत जवळजवळ तीसपट झाली, साधारण आठातला एक. त्यातल्या अनेकांच्या शाळेच्या गुणपत्रिका उत्तम होत्या. मला स्वतःला चाचणी आणि शाळेतली कामगिरी दोन्ही बघणारी पद्धत जास्त न्याय्य वाटते, आणि हळूहळू बरीच कॉलेजं तिकडे वळताहेत.

हाताशी काय ठेवायचं

कागदपत्रांची यादी व्हिसासारखी लांब नाही. विद्यापीठाचा विद्यार्थी क्रमांक आणि सुरू केलेलं विद्यापीठाचं ईमेल खातं लागतं, कारण टेस्टची लिंक बहुधा पोर्टलच्या आत असते. फोटो ओळखपत्र म्हणून पासपोर्टच ठेवा. आधार तिकडच्या पर्यवेक्षकाला कळत नाही. पासपोर्टवरचं आणि विद्यापीठाकडचं नाव सारखं आहे ना ते आधी बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं किंवा आडनाव आधी लिहिलेलं असतं, त्यावरून घोडं अडतं. सूट मागायची असेल तर एसएटी-एपीचे गुण परीक्षा मंडळाकडून थेट विद्यापीठाला जावे लागतात. तुम्ही काढलेला स्क्रीनशॉट चालत नाही. एपीचा निकाल जुलैत लागतो आणि रजिस्ट्रेशन त्याआधीच सुरू झालेलं असू शकतं, अशा वेळी सुरक्षित म्हणून टेस्ट देऊन ठेवणं बरं. डिस्लेक्सिया, दृष्टिदोष किंवा तत्सम कारणाने जादा वेळ हवा असेल तर वैद्यकीय किंवा मानसशास्त्रीय अहवालासह डिसॅबिलिटी ऑफिसकडे काही आठवडे आधी अर्ज करा. फी काही ठिकाणी विद्यापीठ भरतं, काही ठिकाणी तुमच्या खात्यावर पडते.

घरून परीक्षा देताना

पर्यवेक्षण असलेल्या परीक्षेत बंदिस्त ब्राउझर आणि वेबकॅम लागतो. सुरुवातीला ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं, खोली फिरवून दाखवायची. बाबांच्या ऑफिसचा लॅपटॉप घेऊ नका, त्याच्यावर असलं सॉफ्टवेअर बहुधा बसतच नाही. पर्यवेक्षक थेट हजर असणार असेल तर वेळ त्यांच्या घड्याळाची आहे की आपल्या, हे नीट बघा. खोलीत कोणी चहा घेऊन आलं तरी त्याची नोंद होते, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा.

अलेक्समध्ये पर्याय निवडायचे प्रश्न थोडे, उत्तर स्वतः टाकायचे जास्त. सुरुवातीला उत्तर कसं टाकायचं ते शिकवणारा छोटा भाग येतो, तो उडवू नका. √१२ चं सोपं रूप विचारलं आणि तुम्ही ३.४६ लिहिलं तर चूक. २√३ असंच हवं. पॅराबोला काढायला सांगतात तेव्हा शिरोबिंदू आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन असे पाच बिंदू आलेखावर टाकून मग वक्र काढायचं बटण दाबावं लागतं. नुसते बिंदू टाकून पुढे गेलात तर येत असलेलं गणितही गेलं. कॅल्क्युलेटर स्वतःचा नाही. जिथे परवानगी असते तिथे तो पडद्यावरच उघडतो. बारावीपर्यंत कॅल्क्युलेटरशिवाय गणित केलेल्या आपल्या मुलांना याचा त्रास होत नाही. फूट, मैल आणि गॅलनच्या शाब्दिक उदाहरणांचा मात्र थोडा सराव करून ठेवा.

विषय शिकलेलाच नसेल तर ‘माहीत नाही’ असं सांगायचं बटण आहे. ते वापरा. इथे अनेकांची चलाखी अंगाशी येते. पहिल्याच वेळी एआयला किंवा मोठ्या भावाला शेजारी बसवून ८५ गुण आणले, तर टेस्टनंतर मिळणारा अलेक्सचा सरावाचा भाग तुम्हाला सगळं येतं असं समजून वरचे धडे देतो, आणि सप्टेंबरात कॅल्क्युलसच्या वर्गात तुम्ही एकटेच बसलेले असता. त्या कोर्सात एफ (नापासाची ग्रेड) लागला तर ट्रान्सक्रिप्टवर राहतो. प्लेसमेंटचा कमी स्कोअर ट्रान्सक्रिप्टवर येत नाही.

गुण आल्यावर

गुण समाधानकारक नसतील तर पुन्हा देता येते. अलेक्सची रचना जास्तीत जास्त पाच प्रयत्नांची आहे, पण तुमचं विद्यापीठ त्याहून कमी देऊ शकतं. दोन प्रयत्नांच्या मध्ये तुमच्या कच्च्या विषयांवर बेतलेल्या सरावात काही तास घालवावे लागतात आणि थोडे दिवस थांबावं लागतं. म्हणून पहिला प्रयत्न जूनमध्येच उरकावा. ऑगस्टमध्ये सुरुवात केली तर दुसऱ्याला वेळच उरत नाही. गुणांना मुदतही असते. टेक्सासच्या परीक्षेचे पाच वर्षं चालतात, अलेक्सची मुदत विद्यापीठागणिक वेगळी, म्हणून वर्षभर गॅप घेणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

गुण पोर्टलवर आले की ॲडव्हायझरची वेळ घ्या आणि दोन प्रश्न विचारा: या कोर्सचे क्रेडिट्स माझ्या पदवीत धरले जातात का, आणि सोबत जोडवर्ग (त्याच सेमिस्टरला मदतीचा जादा वर्ग) घेऊन वरचा कोर्स करता येतो का. अशी जोडवर्गाची सोय आता बऱ्याच कॉलेजांत आहे आणि त्यात एक पूर्ण सेमिस्टर वाचतं. वर्ग सुरू झाल्यावर पातळी चुकली असं वाटलं तर पहिल्या एक-दोन आठवड्यांच्या ‘ॲड-ड्रॉप’च्या मुदतीत वर किंवा खाली सरकता येतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर बॅचलर्सला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट्स लागतात. आधी नवा कोर्स घ्या, मग जुना सोडा. आणि आकडा १२ च्या खाली जातोय असं दिसलं, तर काहीही ड्रॉप करण्यापूर्वी इंटरनॅशनल ऑफिसची लेखी परवानगी घ्या.