बसलेला हात आणि परकी रायफल

जुनी बुलेट वर्षानुवर्षं चालवलेला माणूस दुसरी मोटारसायकल घेतो तेव्हा पहिले काही दिवस गंमत असते. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला. बाकी सगळ्या गाड्यांचं उलटं. समोर कुत्रं आडवं आलं की गडी जिवाच्या आकांताने डावा पाय दाबतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी गिअर बदलतो. ब्रेक कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पायाला ठाऊक नसतं, एवढंच.

सैनिकाच्या हाती परकी रायफल आली की नेमकं हेच होतं. (बुलेटचं एनफिल्ड हे नावही बंदुकांच्याच कारखान्यावरून आलेलं आहे.) आपल्या लष्करात भारतीय बनावटीची इन्सास आणि एके-47 या रायफलींबरोबर 2019 मध्ये मागवलेली अमेरिकी सिग 716 आली, आणि अमेठीजवळ कोरव्याला एके-203 बनू लागली. एके घराण्यात मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा, तिरपं धरून आधी पुढची कड अडकवायची, मग मागची बाजू वर ओढून खट्कन बसवायची. सिगमध्ये ते सरळ खालून वर सारायचं. सिगची शेवटची गोळी सुटली की बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग, मागेच थांबतो, म्हणजे रायफल स्वतःच सांगते की मी रिकामी झाले. एके-47 काही सांगत नाही. चाप ओढल्यावर नुसतं ‘टक्’ झालं की कळतं. बोल्ट मागे ओढायची मूठ, म्हणजे कॉकिंग हँडल, इन्सासला डावीकडे, एकेला उजवीकडे.

नवी हालचाल शिकताना मेंदूचा पुढचा भाग एकेक पायरी विचारपूर्वक चालवतो. हजारदा केल्यावर त्या पायऱ्यांची एक सलग साखळी होते आणि तिचा कारभार बराचसा मेंदूच्या खोल भागांकडे जातो. यालाच आपण हात बसला म्हणतो. 1914 च्या ब्रिटिश शिपायाकडून 300 यार्डांवरच्या निशाणावर मिनिटाला 15 गोळ्या नेम धरून झाडण्याची अपेक्षा असे. त्याच्या ली-एनफिल्ड रायफलच्या मॅगझिनमध्ये गोळ्या मावत 10, म्हणजे त्याच मिनिटात पाच-पाचच्या क्लिपा वरून दाबून भरणंही आलं. हे काम बसलेला हातच करू जाणे. पण साखळी एकदा सुटली की मधेच थांबवणं अवघड, आणि घाबरलेला माणूस सगळ्यात जुन्या साखळीकडे धावतो. घोटाळा जास्त होतो तो जवळजवळ सारख्या वस्तूंत. पेटी वाजवणारा गाडी चालवताना गोंधळत नाही, बुलेटवाला पल्सरवर गोंधळतो.

यावर उपाय काय? 1979 मध्ये शे आणि मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. हातात टेनिसचा चेंडू धरून छोट्या फळ्या ठरलेल्या क्रमाने पाडायच्या; असे तीन क्रम. काहींनी एक क्रम घोटून मग दुसरा घेतला, काहींनी तिन्ही सरमिसळ केले. सरावाच्या वेळी घोटणारे पुढे होते. दहा दिवसांनी पाहिलं तर सरमिसळवाले पुढे. प्रत्येक वेळी आधीची हालचाल बाजूला सारून नवी आठवावी लागते, आणि ती आठवण्याची मेहनतच मुरते, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

रायफलींना हे लावायचं तर आधी प्रत्येकीची तोंडओळख सावकाश, डमी गोळ्यांवर. मग तीन-चार रायफली मांडून मधूनच एक उचलायची. असा सराव बघायला वाईट दिसतो; मुलं अडखळतात, आणि उस्तादाला वाटतं शिकवणं फुकट गेलं. माझ्या मते खरी अडचण हीच आहे. घड्याळ लावून बसणाऱ्याला अडखळणं सहन होत नाही.

आणखी एक सवय लावता येते, रायफल चाचपण्याच्या क्रमाची. कोणतीही असो, नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, मग सेफ्टी, मग मॅगझिन सोडवायची कळ, मग कॉकिंग हँडल. क्रम तोच, जागा निराळ्या. एके-47 ची सेफ्टी तर खास फसवी. एकेक गोळी की ऑटोमॅटिक, हेही तीच पट्टी ठरवते. वरून खाली येताना पहिली खाच एकेका गोळीची असेल असं वाटतं, पण ती ऑटोमॅटिकची असते. एकच गोळी हवी असेल तर पट्टी तळापर्यंत न्यावी लागते.