उलटा क्रूस सैतानाचा नव्हे, पेत्राचा

पोप जॉन पॉल दुसरे खुर्चीवर बसले आहेत आणि खुर्चीच्या पाठीवर उलटा क्रूस आहे, असा एक फोटो वर्षानुवर्षं फिरतोय. सोबत ठरलेला मजकूर: ‘बघा, पोपच सैतानाचे भक्त!’ फोटो खरा आहे, मार्च २००० मधल्या त्यांच्या इस्राएल दौऱ्यातला. त्यातून काढलेला अर्थ मात्र साफ चुकीचा.

तो क्रूस येशूचा प्रमुख शिष्य असलेल्या संत पेत्राचा. रोममध्ये सम्राट नीरोच्या छळात पेत्राला डोकं खाली करून क्रुसावर खिळलं, अशी परंपरा आहे. बायबलमध्ये हे नाही. दुसऱ्या शतकातल्या बायबलबाहेरच्या लिखाणात ते येतं. आपल्या प्रभूसारखं मरण्याची आपली पात्रता नाही, म्हणून पेत्रानंच तसं मागितलं, असं चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती विद्वान संत जेरोम यांनी नोंदवलं. म्हणजे भाविकांच्या लेखी ही खूण नम्रतेची. कॅथलिक मान्यतेनुसार पोप हे पेत्राचे वारसदार. मग त्यांच्या खुर्चीवर पेत्राची खूण नको, तर कोणाची हवी?

सैतानाचा अर्थ चिकटला तो बराच नंतर, आणि विसाव्या शतकातल्या भयपटांनी व हेवी मेटल संगीताच्या बँडांनी तो घरोघरी पोहोचवला. चिडवण्यासाठी आजही कुणी उलटा क्रूस मुद्दाम वापरतं, हेही खरं.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. पेत्राचा क्रूस रिकामा असतो. येशूची मूर्ती असलेला क्रूस कुणी जाणूनबुजून उलटा टांगला, तर ती विटंबनाच मानली जाते.